मोठ्या फोर-बाय-फोरचं ॲव्हरेज: आधी नीट मोजा, मग वाढवा

डिझेलच्या पाइपला लोहचुंबक, टाकीत ओतायच्या बाटल्या आणि घाटात उतारावर न्यूट्रल, हे तीन सल्ले कुणी दिले तर ऐकून सोडून द्या. न्यूट्रलचा तर उलटाच हिशोब आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजच्या डिझेल इंजिनात इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन धडधडत ठेवायला ते लागतंच. शिवाय चोर्ला घाट उतरताना सव्वादोन टनांच्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, तो वेगळाच. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा.

टपावरचं रिकामं कॅरिअर काढा. हवा सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

आता मोजणी. बहुतेकांची चूक इथेच होते.

डॅशबोर्डवर दिसतो तो अंदाज, हिशोब नव्हे. टाकी फुल्ल करताना नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं. ‘पाच हजार पुरे करू का?’ या पंपवाल्याच्या प्रश्नाला ठाम नाही म्हणायचं. डिझेलला फेस येतो, नोझल जोरात सोडलं की टाकी भरायच्या आधीच ते बंद पडतं. म्हणून सावकाश भरायला सांगा. ट्रिप मीटर शून्य करा. पुढची टाकी त्याच पंपावर, त्याच मशीनवर, गाडी त्याच दिशेला तोंड करून भरा. पंपाच्या फरशीला उतार असतो आणि ऐंशी लिटरची पसरट टाकी जरा कलली तरी लिटर-दोन लिटरचा फरक पडतो. वीस लिटर भरून हिशोब केला तर दोन लिटरची चूक म्हणजे 10 टक्के. पन्नास लिटरांवर तीच 4 टक्के. म्हणून किमान पाचशे किलोमीटर झाल्याशिवाय भागाकार करू नका. दर बघून एकदा निपाणीत आणि एकदा कागलला भरलंत तर खिशाचा हिशोब लागेल, ॲव्हरेजचा नाही.

रस्ताही फसवतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. पणजीला जाताना आकडा झकास येतो, पण परतताना सव्वादोन टन तेवढे वर चढवायलाच सव्वा लिटरच्या आसपास जादा डिझेल जातं. जाऊन परत आल्यावरच मोजा.

टायर मोठे घातले असतील तर आणखी एक गोम आहे. 265/65 आर 17 च्या जागी 265/70 आर 17 घातला की चाकाचा व्यास 776 वरून 803 मिलिमीटर होतो. गाडी 103.4 किलोमीटर चालते, मीटर 100 दाखवतो. मीटरवर 600 आणि डिझेल 55 लिटर म्हणजे 10.9 वाटेल, खरं ॲव्हरेज 11.3. ‘मोठ्या टायरने ॲव्हरेज खाल्लं’ या तक्रारीतला काही भाग नुसता मीटरचा असतो. जाड खाचांचे मड टायर मात्र खरंच खातात. आठवड्यातून सहा दिवस डांबरावर चालणाऱ्या गाडीला ते घालूच नयेत.

आकडा खरा निघाला आणि तरी कमी असेल, तर पहिला उपाय वेग. कोल्हापूर हायवेवर शंभरला हवेचा विरोध ऐंशीच्या दीडपट असतो, आणि आडव्या-उंच गाडीला तो जास्तच बोचतो. चिखलातून डांबरावर आलात की फोर-बाय-फोर काढून टू-व्हील ड्राइव्हवर या. चिखलासाठी टायरची हवा कमी केली असेल तर तिथेच भरा. घरी जाऊन भरू म्हणू नका.

पावसाळ्यानंतर जांबोटी-कणकुंबीकडच्या तांबड्या मातीचा एक त्रास हमखास बघा. चिखल कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांपाशी वाळतो, पिना अडकतात आणि ब्रेक पॅड डिस्कला घासत राहतात. गाडी सपाटीवर सोडली तरी पुढे घरंगळत नाही. आठ-दहा किलोमीटर फारसा ब्रेक न दाबता चालवा, थांबा आणि तळवा रिमजवळ धरा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. डावं-उजवं चाक ताडून बघा. एकच बाजू तापली असेल तर गाडी जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवा. जड फिरलं तर पिना काढून साफ करायच्या, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि महिन्याभरात पिना पुन्हा अडकतात.