फोनवर चाचणीसाठी लोकल साइटला विश्वासार्ह सर्टिफिकेट कसं द्यावं

समजा, देवगडच्या एखाद्या बागायतदारासाठी तुम्ही हापूसच्या ऑर्डरची साइट बनवताय. बागेतच फोनने पेटीचा फोटो काढायचा आणि रेंज गेली तरी ऑर्डर नोंदवता यायला हवी. लॅपटॉपवर सगळं चालतं, कारण ‘लोकलहोस्ट’ला, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्याला, ब्राउझर साध्या एचटीटीपीवरही सुरक्षित मानतो. पण तीच साइट वायफायवरून फोनवर १९२.१६८.१.५ अशा पत्त्याने उघडली, की ना कॅमेरा मिळतो, ना ऑफलाइन कामासाठी ब्राउझरमध्ये मागे चालणारा कोड, म्हणजे सर्व्हिस वर्कर, सुरू होतो. त्यासाठी एचटीटीपीएस लागतं, आणि एचटीटीपीएसला साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट.

अशा खासगी पत्त्याला कोणतीही सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाही. स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट वापरून इशाऱ्यावर ‘पुढे जा’ दाबत राहू नका. क्रोम तरीही सर्व्हिस वर्कर नाकारतो, शिवाय इशारा न वाचण्याची सवय लागते ती वेगळीच.

फिलिप्पो वाल्सोर्दा यांचं ‘एमकेसर्ट’ हे लोकल साइटसाठी सर्टिफिकेट बनवणारं मोफत साधन घ्या. ते पॅकेज मॅनेजरने बसतं: मॅकवर होमब्रूने, विंडोजवर चॉकलेटीने, उबुंटूवर एपीटीने. एकदा उतरवलं की पुढे इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात कोकणात याचं मोल कळतं. लिनक्सवर लिबएनएसएस३-टूल्स हे पॅकेजही बसवा, नाहीतर क्रोम आणि फायरफॉक्स सर्टिफिकेट मानणार नाहीत.

टर्मिनलात, अर्थात रोमन लिपीत, ‘एमकेसर्ट -इन्स्टॉल’ द्या. तुमच्याच लॅपटॉपवर एक मूळ प्रमाणक (रूट सीए), म्हणजे इतर सर्टिफिकेटांवर सही करणारा, तयार होतो. मग ‘एमकेसर्ट लोकलहोस्ट १९२.१६८.१.५’. सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त की, अशा दोन फाइल्स मिळतील. त्या डेव्ह सर्व्हरच्या, म्हणजे लॅपटॉपवर साइट चालवणाऱ्या सर्व्हरच्या, एचटीटीपीएस सेटिंगमध्ये द्या. राउटरने पत्ता बदलला तर नवीन सर्टिफिकेट काढावं लागेल, म्हणून राउटरमध्ये तो पत्ता लॅपटॉपसाठी राखून ठेवा.

आता फोन. ‘एमकेसर्ट -सीएरूट’ फोल्डर दाखवेल. त्यातली ‘रूटसीए.पेम’ तेवढीच फोनवर पाठवा. अँड्रॉइडवर सुरक्षेच्या सेटिंगमधून ती सीए सर्टिफिकेट म्हणून बसवा. आयफोनवर प्रोफाइल बसवून थांबू नका: जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज इथे जाऊन ते चालू करा. बहुतेक जण इथेच अडकतात.

त्याच फोल्डरातली ‘रूटसीए-की.पेम’ मात्र कुणालाही देऊ नका. गिटमध्ये नको, व्हॉट्सअॅपवर तर नकोच. ती ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या फोनला पटेल असं बँकेच्या साइटचं खोटं सर्टिफिकेट बनवू शकतो. म्हणूनच बागायतदाराच्या फोनवर हे मूळ सर्टिफिकेट बसवू नका. त्याच्यासाठी खऱ्या डोमेनवर लेट्स एन्क्रिप्ट या सार्वजनिक संस्थेचं मोफत सर्टिफिकेट आहे. काम संपलं की लॅपटॉपवर ‘एमकेसर्ट -अनइन्स्टॉल’ द्या आणि फोनमधलं सर्टिफिकेट हाताने काढून टाका.