मागे बसणाऱ्याच्या मापाचं

आईला बाइकवर मागे बसवून वाईमार्गे पाचगणीला न्यायचं ठरलं आणि तयारी आठ दिवस आधी सुरू झाली. तुम्हीही कुणाला मागे बसवून लांब नेणार असाल, तर एवढा वेळ हाताशी ठेवाच. आदल्या रात्री आपलं जुनं सामान काढून त्यांच्या अंगावर चढवू नका. चालवणाऱ्याचं ढगळ जॅकेट मागच्याच्या अंगात गेलं, की पडल्यावर त्यातला कोपराचा आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, सरकतो आणि नेमकं कोपरच उघडं पडतं.

पहिलं हेल्मेट. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, पण पोलिसांपुरतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट काही कामाचं नाही. शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. आईचं माप 56 सेंटिमीटर भरलं, माझं 59. आयएसआय चिन्ह पाहून घ्या आणि ज्याचं डोकं त्यालाच दुकानात न्या, कारण तेच माप दोन कंपन्यांचं सारखं बसत नाही. गाल आवळले गेले पाहिजेत. दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे हलवलं तर गालांची कातडीही सोबत सरकायला हवी. पट्टा लावून मागच्या काठाला धरून पुढे उचला. निघून आलं तर ते घ्यायचं नाही. मग पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्या. कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर मोठं माप मागू नका, वेगळ्या आकाराचं बघा. आतला फोम वापरून थोडा दबतोच, त्यामुळे सुरुवातीला घट्ट वाटणं बरं. आईच्या अंबाड्यामुळे हेल्मेट वर उचललं जात होतं, म्हणून खाली, मानेपाशी सैल वेणी. चष्मा असेल तर तोही घालून बघा.

जॅकेट-पॅन्टचं माप आरशासमोर कळत नाही. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे बसवा, पाय फूटरेस्टवर आणि हात जिथे धरणार तिथे. मागचे फूटरेस्ट बहुधा उंच असतात, गुडघे जास्त दुमडतात आणि पॅन्ट घोट्यावरून वर चढते. अशा बसण्यातच बाही मनगटापर्यंत पोहोचते का, आर्मर गुडघ्यावर, कोपरावर, खांद्यावर नेमका येतो का, कमरेमागे पाठ उघडी पडते का, हे बघायचं. आतून जे कपडे घालणार तेच घालून बघा. साडी नेसून एका अंगाला बसून घाट चढायचा नाही, हे आईला मी स्पष्टच सांगितलं; साडीगार्ड कापडाला चाकापासून वाचवतो, गुडघ्याला नाही. लेगिंग, वरून रायडिंग पॅन्ट, आणि ओढणी घरी.

बूट घोटा झाकणारे, नाडीचं टोक आत खोचलेलं. सायलेन्सरच्या बाजूचा पाय आधी भाजतो. पावसाळा असेल तर रेनकोट जॅकेटवरून चढेल एवढा मोठा, पण दोन तुकड्यांचा. वाऱ्याने फडफडणारा पोंचो नको.

ग्लोव्ह बोटांच्या टोकाशी जरासेच मोकळे हवेत. आईचे दुकानात छान बसले होते. रविवारी कात्रजपर्यंत तासाभराची फेरी मारली, तेव्हा मूठ आवळून धरल्यावर करंगळीला शिवण टोचत असल्याचं कळलं. सोमवारी ते बदलून आणले आणि शनिवारी पहाटे निघालो.