छर्ऱ्याची बंदूक (एअर गन) घेताय? ताकदीच्या बाबतीत या चुका टाळा

गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला की गोडाऊनमध्ये उंदीर-घुशींचा सुळसुळाट होतो. गुळाच्या रव्यांवरचं कापड कुरतडलेलं दिसलं की माणूस वैतागून दुकानात जातो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "सगळ्यात जास्त पॉवरची कुठली?" करवीरातल्या आमच्या गोडाऊनसाठी मीही हेच विचारलं होतं. चूक तिथूनच सुरू होते.

खोक्यावरच्या वेगाच्या आकड्याला भुलू नका. तो बहुतेकदा अगदी हलक्या छर्ऱ्यावर काढलेला असतो. ताकद जूलमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एककात विचारा, कारण त्यात छर्ऱ्याचं वजनही धरलेलं असतं. ०.५५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटरनं सुटला तर जवळपास १६ जूल होतात. आपल्याकडे परवान्याशिवाय मिळते ती ४.५ मिलिमीटर नळीची, २० जूलच्या आतली बंदूक. दहा मीटरवरच्या उंदराला त्यातले ८-१० जूल पुरे होतात, फक्त छर्रा डोक्यात बसला पाहिजे.

जास्त ताकद गोडाऊनमध्ये उलटते. माझा एक छर्रा दगडी भिंतीवर आपटून परत फिरला आणि कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर ठण्णकन वाजला. त्या दिवसापासून उंदराच्या वाटेमागे मातीनं भरलेली पोती रचल्याशिवाय मी बंदूक उचलत नाही.

नेम चुकतो म्हणून ताकद वाढवणं ही तर सर्रास होणारी चूक. बंदुकीवरची दुर्बीण २५ मीटरवर जुळवलेली असते आणि उंदीर असतो सहा मीटरवर. दुर्बीण नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसते, त्यामुळे जवळून मारलेला छर्रा दोनेक सेंटिमीटर खाली लागतो. तेवढ्यानं जनावर जखमी होऊन बिळात तडफडत मरतं. जिथून मारणार त्याच अंतरावर कागद लावून दुर्बीण जुळवा. स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरू नका, हलक्या हातावर ठेवा. छर्रा न भरता चाप तर कधीच ओढू नका, आतलं पिस्टन आपटून खराब होतं.

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापुरात नेमाचं मोल वेगळं सांगायला नको. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्या रायफलींची ताकद जेमतेम साडेसात जूलच्या आसपास असते.

आता शिकारीचं. इंग्लंडमध्ये बिनपरवाना मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे साधारण १६ जूल, आणि तेवढ्यावर तिथे शेतातले ससे मारतात. ते व्हिडिओ बघून आपल्या शिवारात ससा, तित्तर, मोर यांच्यावर बंदूक रोखू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे. उसात शिरलेल्या रानडुकराला किंवा गव्याला छर्रा मारणं तर निव्वळ क्रूरपणा, शिवाय पिसाळलेलं जनावर अंगावर येतं. अशा वेळी वनखात्याला कळवा, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करून घ्या.

मेलेला उंदीर उघड्यावर टाकू नका. त्यातल्या छर्ऱ्याचं शिसं घुबडाच्या, घारीच्या पोटात जातं. हातमोजे घालून उचला, खोल पुरा, आणि छर्रे हाताळल्यावर हात साबणानं धुवा.