छत्रीवरचा जुना कोरीव लेख वाचायला जाताय? या चुका टाळा

इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकर घराण्यातल्या माणसांच्या दगडी स्मारकांवर, रविवारी गेलात तर कुणीतरी हमखास पोरांना सांगताना सापडेल की ही मल्हाररावांची, ती अहिल्याबाईंची. नाही हो. तिथे कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव आहेत. थोरले सुभेदार, म्हणजे पहिले मल्हारराव होळकर, २० मे १७६६ ला आलमपूरला वारले आणि अहिल्याबाईंनी त्यांची छत्री तिथेच बांधून घेतली, ते आता भिंड जिल्ह्यात येतं, आपल्या इंदूरपेक्षा ग्वाल्हेरहून जवळ. अहिल्याबाईंची महेश्वरला घाटावर, यशवंतरावांची भानपुऱ्याला. ग्वाल्हेरकरही काही कमी नाहीत, महादजी शिंद्यांची छत्री गावात शोधतात आणि ती पुण्यात वानवडीला. त्यामुळे माणूस वारला कुठे ते आधी बघा, राजधानी नंतर.

खाली काही पुरलेलं असतं असंही समजू नका. दहनाच्या जागी किंवा नुसती आठवण म्हणून छत्री बांधायचे, आत शिवलिंग नाहीतर मूर्ती बसवायचे. बऱ्याच ठिकाणी अजून पूजा चालते, तेव्हा चपला बाहेर आणि पुजारीबुवांना विचारून मगच मोबाईल बाहेर काढा.

नावात तर लई घोळ होतो. मल्हारराव एक नाही, तुकोजीराव तर तीन. त्यात मालेराव, म्हणजे सुभेदारांचा नातू, आजोबांच्या पुढच्याच वर्षी १७६७ ला गेला. दगड झिजलेला असला की मालेराव आणि मल्हारराव यात फरक कळत नाही आणि साल पण एकाच आकड्यानं पुढेमागे, मग लोक "जवळपास बरोबर" म्हणून सोडून देतात. सोडू नका, नावापुढे बापाचं नाव किंवा सुत, आत्मज (म्हणजे मुलगा) असं काही कोरलंय का ते बघा, गाडं तिथेच सुटतं.

आता सालाचं. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन आलं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण शक बदलतो गुढीपाडव्याला, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवायचे. महादजी गेले १२ फेब्रुवारी १७९४ ला, तेव्हा शके १७१५ चालू होतं. ७८ मिळवलेत तर १७९३ येतं आणि माणूस एक वर्ष आधीच मारलात! संवताचं पण तसंच, साधारण ५७ वजा, पण जानेवारी ते पाडवा ५६. वर आणखी एक भानगड, माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे संवत चैत्रात बदलतो आणि बडोद्याकडे, गुजरातच्या रिवाजाने, दिवाळीनंतर कार्तिकात. सुभेदार वारले ते वर्ष इकडच्या हिशोबाने संवत १८२३ आणि तिकडच्या हिशोबाने १८२२, दोन्ही बरोबर. म्हणून बडोद्याचे पाहुणे "तुमच्या इंदूरचा दगड चुकलाय" म्हणाले तर भांडू नका, त्यांना चहा पाजा. शक आणि संवत दोन्ही कोरलेले असतील तर दोन्ही उतरवा, एकमेकांशी ताळा बसतो. तिथी आणि वार असेल तर सोन्याहून पिवळं, जुन्या पंचांगाशी जुळवता येतं. १ आणि ९ झिजले की सारखेच दिसतात, तेव्हा दोन्ही धरून साल काढा आणि त्या साली तो माणूस जिवंत तरी होता का ते बघा.

अक्षरंच दिसत नाहीत? भर दुपारी फोटो काढत असाल तर दिसणारच नाहीत, समोरून फ्लॅश मारलात तर अजून सपाट. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरपं असताना. छत्रीच्या आत अंधार असेल तर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरा, म्हणजे खोदलेल्या रेषेत सावली पडते, मग दुसऱ्या बाजूने धरून अजून एक फोटो. खडू, पीठ, हळद असलं काही अक्षरांत भरू नका. खडूने दगड घासला जातो, पिठाला मुंग्या लागतात.

आणि कृपा करून साफसफाईचा उत्साह आवरा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर बाथरूमचं ॲसिड काय, लिंबू काय, दगड खातंच, एकदा गुळगुळीत झालेलं अक्षर परत येत नाही. तारेचा ब्रश नाही, ग्राइंडर तर नाहीच. फुटलेल्या फटीत सिमेंट भरणारे भले लोक पण असतात, सिमेंट ओल आत कोंडून धरतं आणि क्षार सुकताना दगडाचे पापुद्रे निघतात, जुन्या बांधकामाला चुनाच लागतो. वर चकचकीत ऑइल पेंट मारला की झालंच कल्याण. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हातच लावायचा नाही. घराण्याची खाजगी छत्री असेल आणि शेवाळ काढायचंच असेल तर साधं पाणी, मऊ ब्रश, बांबूची काडी, आणि दगड हाताला भुसभुशीत लागला की लगेच थांबायचं. शेंदराचा जाड थर असेल तर तो आपल्या हाताने खरवडू नका, त्यासाठी जाणकार माणूस बोलवा.

लेखाचा तुकडा खाली पडलेला दिसला तर घरी नेऊन "सुरक्षित" ठेवू नका. बाजूला पट्टी ठेवून आहे तिथेच फोटो काढा, कुठल्या बाजूच्या भिंतीखाली पडलाय ते लिहा आणि पुजाऱ्याला किंवा खात्याला कळवा.