पीएमआरचा थिसिस छापायचा, तर कसा

पीएमआर म्हणजे आजार-अपघातानंतर रुग्णाचं पुनर्वसन करणारी वैद्यकशाखा. तिची परीक्षा आटोपली की गंगेत घोडं न्हालं, आणि थिसिसची जाडजूड प्रत डिपार्टमेंटच्या कपाटात धूळ खात पडते. माझ्याकडे थिसिस करणाऱ्यांना मी म्हणूनच आधी सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल नोंदवायची भारतातली वेबसाइट, उघडायला लावते. क्लिनिकल ट्रायल असेल तर तिची नोंदणी पहिला पेशंट घेण्यापूर्वी व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी घेत नाहीत. पैसे लागत नाहीत. फॉर्म मात्र किचकट आहे, एक शनिवार काढा.

मग हमखास प्रश्न येतो, "मॅडम, इम्पॅक्ट फॅक्टर किती?" हिशोब साधा आहे. २०२४ चा आकडा म्हणजे २०२२ आणि २०२३ मधल्या लेखांना २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन्स (इतर लेखांनी दिलेले संदर्भ), भागिले त्या दोन वर्षांतले लेख. ही सरासरी जर्नलची. तुमच्या पेपरला त्यातलं काय मिळेल ते वेगळं. त्यात आपल्याकडे स्ट्रोकच्या पेशंटचा फॉलोअपच वर्षभर चालतो. तुमचा पेपर वाचून कुणी नवा अभ्यास उभा करून छापेपर्यंत ती दोन वर्षं केव्हाच उलटतात.

बार्थेल इंडेक्स, म्हणजे पेशंट रोजची कामं स्वतः किती करतो ते मोजणारा तक्ता, आपण वॉर्डात रोज भरतो. महोनी आणि बार्थेल यांनी तो १९६५ मध्ये मेरीलँड स्टेट मेडिकल जर्नलमध्ये छापला, म्हणजे एका राज्याच्या मासिकात. आजही त्याची सायटेशन्स थांबलेली नाहीत, कारण दहा बाबी, शंभर गुण, कुणीही उचलून वापरावं.

तुमचंही असंच उचलता आलं पाहिजे. "रुग्णांना फिजिओथेरपी दिली" हे वाक्य दिसलं की मी लाल पेन काढते. कोणती दिली? कुणी? आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं? घरी काय करायला सांगितलं, आणि ते किती जणांनी केलं? टायडिअर नावाची १२ मुद्द्यांची यादी २०१४ मध्ये आली, ती समोर ठेवून मेथड्स लिहा.

विषयांची तर मुंबईत ददात नाही. बार्थेलमध्ये शौचालयाचे १० पैकी १० घेणारा पेशंट लालबागच्या चाळीत गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत पोहोचतो का? तिथे उकिडवा बसून पुन्हा उठतो का? जयपूर फूट लावलेला माणूस दादरला दिव्यांगांच्या डब्यात गर्दीच्या वेळी चढतो का? जमिनीवर बसणाऱ्या कुठल्याही देशातल्या डॉक्टरला हे वाचायचं असतं.

फक्त ते त्याला सापडलं पाहिजे. "स्ट्रोकनंतरची वाटचाल: मुंबईचा अनुभव" हे शीर्षक सर्चमध्ये कुणाच्या हाती लागणार? "स्ट्रोकनंतर उकिडवं बसण्याची क्षमता आणि सामायिक शौचालयाचा वापर" असं रोखठोक लिहा. कीवर्ड मेशच्या, म्हणजे वैद्यकीय विषयांच्या ठरावीक शब्दांच्या, यादीतून घ्या, मनाने नकोत.

नावाचंही ठरवून टाका. एका पेपरवर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर सासरचं आडनाव, तिसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, की डेटाबेसला तुम्ही तीन बायका. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा कायमचा क्रमांक, फुकट मिळतो, आजच काढा.

आणि "आदरणीय डॉक्टर, आपला बहुमोल लेख सात दिवसांत छापू" असा मेल आला, तर एनएलएम (अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) कॅटलॉगमध्ये ते जर्नल शोधा. मेडलाइन या तिच्या निवडक जर्नलांच्या सूचीत ते सध्या इंडेक्स होतं का, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. जर्नलच्या वेबसाइटवरच्या पबमेडच्या (वैद्यकीय लेख शोधायची साइट) लोगोवर जाऊ नका, तो कुणीही चिकटवतं.