डक्टेड हीटिंग नीट तापत नाही? हीटर बदलण्याआधी या चुका तपासा

जुलैत मेलबर्नचा पारा रात्री सहा-सात अंशांपर्यंत उतरला की ओळखीच्या घरांतून तीच तक्रार ऐकू येते: हॉल तापतो, मागची बेडरूम मात्र गारच. मग मोठा हीटर घ्यायची चर्चा सुरू होते. माझा आग्रह आहे की त्याआधी डक्ट, म्हणजे एकाच हीटरची गरम हवा खोल्याखोल्यांत नेणाऱ्या नळ्या, तपासून घ्या. काही खोल्या तापत असतील, तर हीटर बहुधा त्याचं काम करतोय. हवा वाटेत अडकतेय किंवा गळतेय.

स्टम्पांवर, म्हणजे आखूड खांबांवर, उभ्या असलेल्या जुन्या लाकडी घरांत डक्ट फरशीखाली असतात. तिथे टॉर्च मारून पाहा. जमिनीवर पडून ओले झालेले, दबलेले, उंदरांनी कुरतडलेले डक्ट सहज दिसतात. जोडावरची टेप वाळून सुटलेली असते आणि गरम हवा घराखालीच जात असते. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निट, पॉइंट कुककडच्या, जमिनीवरच्या काँक्रीट स्लॅबवर बांधलेल्या घरांत डक्ट छपराच्या पोकळीत असतात. तिथे नंतर केबल टाकायला चढलेल्या माणसाचा पाय पडून डक्ट चेपतो आणि खाली कुणाला पत्ता लागत नाही.

वर चढायच्या आधी घरातच एक चाचणी होते. हीटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि प्रत्येक व्हेंटसमोर (खोलीत गरम हवा सोडणाऱ्या झरोक्यासमोर) टिश्यू धरा. हवा गरम पण झोत कमजोर असेल, तर डक्ट दबलाय, फार वळणं घेतोय किंवा बारीक आहे. झोत चांगला पण हवा कोमट असेल, तर डक्टभोवतीचं उष्णता राखणारं इन्सुलेशन फाटलं असावं. सगळ्याच व्हेंटमधून कोमट हवा आणि मातीचा वास येत असेल, तर रिटर्नचा, म्हणजे खोलीतली हवा हीटरकडे परत नेणारा, डक्ट फाटून घराखालची थंड हवा ओढतोय.

नव्याने बसवताना व्यासावर पैसे वाचवू नका. २०० मिलिमीटरच्या डक्टचं क्षेत्रफळ १५० मिलिमीटरच्या जवळजवळ पावणेदोनपट असतं. लांबच्या खोलीला बारीक डक्ट दिला की ती खोली कायमची गार राहते. फ्लेक्सिबल डक्ट पूर्ण ताणून, पट्ट्यांनी टांगून बसवायला हवा. उरलेला डक्ट गुंडाळून ठेवणं हा आळस आहे.

रिटर्न एअरकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. हीटर जेवढी हवा देतो तेवढी परत यायला हवी. रिटर्नच्या जाळीसमोर सोफा, महिनोन्‌महिने न धुतलेला फिल्टर किंवा खाली फट नसलेलं बेडरूमचं बंद दार, यांपैकी काहीही हवा अडवतं. छतात व्हेंट असतील तर रिटर्न खाली असलेला बरा, नाहीतर गरम हवा वरच फिरत राहते.

बचतीसाठी निम्मे व्हेंट बंद करणं हीसुद्धा चूकच. झोनिंग (घराचे भाग वेगवेगळे चालू-बंद करायची सोय) नसलेला हीटर तापून सेफ्टी स्विचवर बंद पडतो आणि आपण म्हणतो, हीटर बिघडला. गरजेपेक्षा मोठा हीटरही असाच सतत चालू-बंद होतो.

गॅसचा हीटर सोडून रिव्हर्स सायकल, म्हणजे एसीसारखा विजेवर चालणारा हीट पंप, घेणार असाल तर जुने डक्ट तसेच वापरण्याआधी मापून घ्या. हीट पंप कमी तापमानाची हवा जास्त प्रमाणात फेकतो, त्यामुळे बारीक डक्ट पुरत नाहीत आणि आवाजही वाढतो.

डक्ट पाहणं, फिल्टर धुणं आपण करू शकतो. गॅसच्या भागाला मात्र परवानाधारक गॅसफिटरशिवाय कुणी हात लावू नये. हीट एक्स्चेंजरला (जळत्या गॅसची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागाला) तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो आणि त्याला वास नसतो. हीटर घराच्या आत असेल तर स्वयंपाकघरातला जोरदार एक्झॉस्टही धूर उलटा ओढू शकतो. सर्व्हिसिंग दर दोन वर्षांनी हवंच. व्हिक्टोरियात भाड्याच्या घरात २९ मार्च २०२१ पासून सुरू झालेल्या करारांना दर दोन वर्षांनी गॅसची सुरक्षा तपासणी घरमालकावर बंधनकारक आहे, तेव्हा एजंटकडे तपासणीचा अहवाल मागा.