शिर, शीर आणि शिरा : सारखे दिसणारे शब्द पारखून कसे घ्यावेत

आरोग्यविषयक एका पुस्तिकेचे मुद्रित तपासत असताना पुढील वाक्य माझ्या नजरेखालून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा सुटले : ‘परिचारिकेने रुग्णाच्या शिरात सुई टोचली.’ वाक्यात एकही अशुद्ध शब्द नव्हता, त्यामुळे संगणकानेही कुठे तांबडी रेघ ओढली नव्हती. तिसऱ्या वाचनात लक्षात आले की, लिहिल्याप्रमाणे ती सुई रुग्णाच्या डोक्यात गेली आहे. लेखकाला ‘शिरेत’ म्हणायचे होते. चूक एका मात्रेची होती, पण अर्थ दंडावरून थेट मस्तकात गेला होता.

सारखे दिसणारे शब्द सुटे ठेवून त्यांच्याकडे कितीही वेळ पाहिले तरी ते ओळखू येत नाहीत. त्यांना प्रत्यय लावला किंवा त्यांच्यापुढे क्रियापद ठेवले की ते आपली जात सांगतात. अवयवांच्या नावांच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण शरीराचे शब्द रोजच्या बोलीतून, संस्कृतातून आणि वैद्यकीय परिभाषेतून अशा तीन वाटांनी मराठीत आले आहेत आणि वाटेत त्यांची रूपे एकमेकांसारखी झाली आहेत.

पहिली पायरी म्हणून शंका असलेल्या शब्दाला ‘-त’ किंवा ‘-ला’ हा प्रत्यय लावून पाहावा. वरचाच शब्द घेऊ. ‘शिर’ म्हणजे डोके. तो नपुंसकलिंगी शब्द असल्यामुळे त्याचे रूप ‘शिरात’ असे होते. ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ती स्त्रीलिंगी, म्हणून ‘शिरेत’. नैवेद्याचा गोड ‘शिरा’ पुल्लिंगी आणि आकारान्त, म्हणून त्यात वेलदोडा घालायचा तर तो ‘शिऱ्यात’ घालावा लागतो. मूळ रूपात ‘शिरा’ हा शब्द मात्र तीन ठिकाणी सापडतो : ताटातला पदार्थ, शीर या शब्दाचे अनेकवचन आणि ‘आत शिरा’ ही आज्ञा. प्रत्यय लावताच पदार्थ आणि रक्तवाहिन्या वेगळ्या होतात, आणि आज्ञेला तर विभक्तीचा प्रत्यय लागतच नाही. ‘शिरांत’ असे अनुस्वारासह लिहिले, तर ते अनेक डोक्यांत की अनेक रक्तवाहिन्यांत, हे मात्र रूपावरून कळत नाही. तिथे वाक्यच पाहावे लागते. (शीरखुर्म्यातील ‘शीर’ या सर्वांहून निराळी. ती फारसी असून तिचा अर्थ दूध असा आहे.)

हीच कसोटी इतर अवयवांनाही लागू पडते. मार ‘कोपराला’ लागतो, टेबल ‘कोपऱ्याला’ ठेवले जाते. पहिला शब्द ‘कोपर’, दुसरा ‘कोपरा’. सूज ‘घोट्यात’ येते, पण औषध ‘एका घोटात’ प्यायचे असते. ताठ ठेवायची ती ‘मान’, तिचे रूप ‘मानेला’. राखायचा तो ‘मान’, त्याचे रूप ‘मानाला’. ओझे ‘पाठीवर’ असते आणि प्रश्न ‘पाठावर’ विचारले जातात. जेवायला मात्र आपण ‘पाटावर’ बसतो, आणि घाईने टंकलेखन करणाऱ्यांच्या हातून ठ आणि ट यांची अदलाबदल सर्रास होते.

प्रत्यय लावण्याची सोय नसेल तेव्हा दुसरी पायरी : लिंग पाहावे, आणि ते क्रियापदावरून किंवा विशेषणावरून पाहावे. ‘त्याने बोट बुडवले’ आणि ‘त्याने बोट बुडवली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की पहिला दह्याच्या वाडग्यापाशी आणि दुसरा समुद्रात आहे, हे सांगावे लागत नाही. याहून बारीक उदाहरण ‘नाके’ या रूपाचे आहे. ‘नाक’ या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन ‘नाके’ आणि रस्त्यावरच्या ‘नाका’ या पुल्लिंगी शब्दाचे अनेकवचनही ‘नाके’. ‘सगळे नाके बंद झाले’ हे वाक्य पोलीस बंदोबस्ताचे आहे, तर ‘सगळी नाके बंद झाली’ हे सर्दीच्या साथीचे. शब्द तोच आहे. काम केले ते ‘सगळे’ आणि ‘सगळी’ यांनी. मराठीतील लिंगव्यवस्था शिकणाऱ्याला छळते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, पण मुद्रितशोधनाच्या कामात तिच्याइतका भरवशाचा मदतनीस मला तरी मिळालेला नाही.

तिसरी पायरी ऱ्हस्व-दीर्घाची आहे आणि बहुतेकांची अडचण इथेच होते. मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेले लेखनविषयक नियम, ज्यांत १९७२ मध्ये आणखी भर पडली, ते आज प्रमाण मानले जातात. त्यांतील आपल्या कामाचा भाग थोडक्यात असा : अकारान्त मराठी शब्दात शेवटच्या अक्षराआधी इकार किंवा उकार आला, तर तो दीर्घ लिहावा, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम, शब्द असेल तर मुळात जसा असेल तसा ठेवावा. ‘शीर’ हा संस्कृत ‘शिरा’ या शब्दापासून बदलत आलेला मराठी शब्द, म्हणून दीर्घ. ‘शिर’ तत्सम, म्हणून ऱ्हस्व. ‘शिरच्छेद’, ‘शिरगणती’, ‘शिरस्त्राण’ हे सर्व त्याच कुळातले. शिरगणतीतील पहिले अक्षर कुणी दीर्घ लिहिले, तर ती माणसांच्या रक्तवाहिन्यांची मोजणी ठरेल. ‘शीर्ष’ मात्र मुळातच दीर्घ आहे. त्यामुळे ‘शिर्षक’ आणि ‘शिर्षासन’ ही जागोजागी दिसणारी रूपे चुकीची असून ‘शीर्षक’ आणि ‘शीर्षासन’ असेच लिहायला हवे.

प्रत्यय लागला की मराठी शब्दातील हा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो : जीभ, पण जिभेवर, शीर, पण शिरेला. तत्सम शब्दातील दीर्घ स्वर जागचा हलत नाही. म्हणून ‘शरीर’ या शब्दाचे रूप ‘शरीराला’ असे होते, ‘शरिराला’ असे नव्हे. जिभेच्या चालीवर शरीरही ऱ्हस्व करण्याची चूक मी चांगल्या लेखकांच्या हस्तलिखितांतही पाहिली आहे.

या नियमामुळे काही जोड्या एकवचनी मूळ रूपात वेगळ्या असल्या तरी प्रत्यय लागताच एक होतात. गाण्याचा ‘सूर’ आणि देव या अर्थाचा ‘सुर’, दोघांचेही ‘सुरांना’. धागा म्हणजे ‘सूत’ आणि मुलगा म्हणजे ‘सुत’, दोघांचेही ‘सुताला’. सुतावरून स्वर्ग गाठणारा माणूस धाग्यावरूनच चढत असतो, हे केवळ रूपावरून सिद्ध करता येणार नाही. अशा वेळी प्रत्यय काढून मूळ शब्द मनाशी म्हणावा आणि त्याच्या जागी साधा पर्याय ठेवून वाक्य वाचावे.

चौथी पायरी जोडशब्दांची. सुटा असताना ‘अस्थी’ आपण दीर्घ लिहितो, पण समासात पहिल्या जागी गेल्यावर तो मूळच्या ऱ्हस्वावर येतो : अस्थिभंग, अस्थिविसर्जन. ‘नाडी’ हा संस्कृतातच दीर्घ, म्हणून नाडीपरीक्षा. लग्नपत्रिकांत छापले जाणारे ‘पाणीग्रहण’ तर शब्दशः पाणी घेणे आहे. हात या अर्थाचा शब्द ‘पाणि’ असल्यामुळे विधीचे नाव पाणिग्रहण असे होते. आंत्र म्हणजे आतडे, त्याचे शेपूट ते आंत्रपुच्छ. त्याला ‘आंतरपुच्छ’ म्हटले की आतडे नाहीसे होऊन काही अर्थच उरत नाही.

परिभाषेतील माझ्या मते सर्वांत फसवी जोडी ‘उरोस्थी’ आणि ‘ऊर्वस्थी’ ही आहे. पहिली ‘उरस्’ म्हणजे छाती यापासून बनलेली, म्हणून ती छातीच्या मध्यभागी बरगड्यांना जोडणारी चपटी अस्थी. दुसरी ‘ऊरु’ म्हणजे मांडी यापासून, म्हणून ती मांडीतील अस्थी, जी शरीरातील सर्वांत लांब असते. गोंधळ वाढवायला मराठीतील ‘ऊर’ आहेच. ‘ऊर भरून आला’ असे आपण छातीविषयी म्हणतो आणि अकारान्त मराठी शब्दाच्या नियमाने ते दीर्घ लिहितो, त्यामुळे ‘ऊर्वस्थी’ पाहताच डोळा छातीकडे वळतो. लक्षात ठेवायला दुर्योधन उपयोगी पडतो : भीमाने त्याची मांडी फोडली, म्हणून भासाच्या नाटकाचे नाव ‘ऊरुभंग’ आहे. ऊ, रु आणि मांडी हे एकत्र बसले की ऊर्वस्थी पुन्हा चुकत नाही.

इतर काही जोड्या नुसत्या पाहून ठेवल्या तरी पुरे. ‘कपाळ’ हे कुंकू लावायचे, ‘कपाल’ ही मेंदूभोवतीची कवटी. ‘नाळ’ बाळाची, ‘नाल’ घोड्याचा. ‘गाल’ चेहऱ्यावर, ‘गाळ’ धरणात. ‘जठर’ हे पोटातले, तर अक्षरांची अदलाबदल होऊन बनणारा ‘जरठ’ म्हणजे म्हातारा. ‘वृक्क’ म्हणजे मूत्रपिंड आणि ‘वृक’ म्हणजे लांडगा.

शेवटची पायरी अशा शब्दांसाठी, जे अक्षरशः एकच आहेत आणि तरीही मजकूर कोणत्या परंपरेचा आहे त्यावरून ज्यांचा अर्थ बदलतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात (हे ‘शरीरस्थान’ नव्हे, शारीर म्हणजे शरीररचनेचा विचार) ७०० सिरा, ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत. आजच्या शालेय मराठीत ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा सूक्ष्म घटक. तो अर्थ मनात धरून वाचणाऱ्याला संपूर्ण मानवी देह पाचशे पेशींचा बनला आहे असे वाटेल. प्रत्यक्षात तिथे ‘पेशी’ म्हणजे ज्याला आपण आज स्नायू म्हणतो ते, आणि तिथला ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारे चिवट तंतू. हिंदी मजकुराचे भाषांतर करतानाही हाच खड्डा आडवा येतो, कारण हिंदीतील ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू आणि आपली पेशी म्हणजे तिथली ‘कोशिका’. बोलीतली ‘शीर’ त्याहूनही सैल आहे. शीर दबली, शीर आखडली, शीर सापडत नाही, या तीन तक्रारींत अनुक्रमे चेता, स्नायू आणि रक्तवाहिनी अशा तीन निरनिराळ्या गोष्टी अभिप्रेत असू शकतात.

कोशात पाहताना म्हणूनच केवळ अर्थ वाचून कोश मिटू नये. शब्दापुढे दिलेले पु., स्त्री. किंवा न. हे लिंग आणि कंसातील व्युत्पत्ती या दोन्ही गोष्टी टिपून घ्याव्यात, कारण वरच्या बहुतेक पायऱ्या त्यांच्यावरच उभ्या आहेत. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात त्या मिळतात. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत.

माझ्या टेबलावर अशा तीसेक रूपांची एक यादी असते आणि मजकूर संपला की संगणकाच्या शोधखिडकीत त्यांतले एकेक रूप टाकून मी ते वाक्य पुन्हा वाचतो. यादीत पहिले अर्थातच ‘शिरात’ आहे. रुग्णांसाठीच्या सूचनापत्रकात मात्र मी ‘शिरेत’ हे बरोबर रूपही ठेवत नाही. तिथे ‘हाताच्या रक्तवाहिनीत’ असे लिहितो.